पालथी पडून ऐकलेला खून

"उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय. उद्याच ऑपरेशन करू," डॉक्टर तमिळमध्ये म्हणाले.

याला रेटिनल डिटॅचमेंट म्हणतात. डोळ्याच्या आतला, चित्र पकडणारा पडदा भिंतीपासून सुटतो. मला आधी काळे ठिपके दिसले, मग एका बाजूने सावली सरकत आली. शाळेच्या वह्या तपासायच्या होत्या, म्हणून चष्मा पुसत चार दिवस घालवले. तुम्ही तसं करू नका.

माझा डावा डोळा लहानपणापासून मंद. अक्षरं वाचते ती उजव्यानेच. आमच्या तंजावूरच्या मराठी घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली, आता इथल्याच शाळेत शिक्षिका. उजवा गेला तर वाचणं गेलं, नोकरीही गेली.

ऑपरेशनचं नाव व्हिट्रेक्टॉमी. डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढून वायूचा बुडबुडा भरतात. बुडबुडा वर तरंगतो, म्हणून मान खाली ठेवली की तो मागच्या पडद्याला दाबून धरतो.

"दहा दिवस पालथं. जेवतानाही मान खाली," ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं. दिवाळी आठव्या दिवशी होती.

तिसऱ्या दिवशी मान, खांदे, कपाळ इतकं दुखलं की मी रडले. वहिनीने वाचनालयातून एक तमिळ कादंबरी आणली. मराठा राजांच्या काळातलं छत्रम, म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा. ऐन दिवाळीत तिथलं धान्याचं कोठार सांभाळणाऱ्याचा खून होतो आणि स्वयंपाक्याची दोन पोरं तपास करतात. माझं तोंड खाटेच्या कडेवरून खाली, म्हणून वहिनी जमिनीवर उताणी झोपून वाचायची.

"वन्सं, खाली आले खरी, उठवायला दोघं लागतील."

आई स्वयंपाकघरातून करवादायची, "सणासुदीला मढं कशाला घरात आणता?"

"छत्रमातल्या वैद्यानेच मारलं," मी म्हणायची.

"मास्तरीण ना तुम्ही? पुरावा द्या."

वहिनी दिवसाला दोनच प्रकरणं वाचायची. पुढचं ऐकायच्या ओढीने मान खाली राहायची. दुखणं कमी झालं नव्हतं, पण खोलीत तेवढंच उरलं नव्हतं.

दिवाळीच्या सकाळी मला न्हायला बंदी होती. शेजारच्या मामींनी दारातून विचारलं, "गंगास्नान झालं का?" तेल लावून न्हाल्यावर इथे सगळे एकमेकांना हेच विचारतात. जन्माची सवय. मी उठून बसले आणि तोंड वर करून "झालं, मामी" म्हणाले.

"वन्सं, मान!" वहिनी ओरडली.

मी पुन्हा पालथी झाले. त्या दिवशी कोणी पुस्तक उघडलं नाही.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी डोळ्यावर दिवा धरताच मी चूक सांगून टाकली.

"मिनिटभराने काही होत नाही. पडदा चिकटलाय," ते म्हणाले. "पण सरळ रेघा जरा वाकड्या दिसतील. कदाचित कायमच्या."

बुडबुडा विरायला काही आठवडे गेले. वहिनीने शेवटचं प्रकरण राखून ठेवलं होतं. "हे तुम्ही वाचायचं," म्हणाली. ओळी पाण्याखाली असल्यासारख्या वाकत होत्या, पण लागत होत्या. एवढ्यात आई हात पुसत शेजारी येऊन बसली.

"मोठ्याने वाच."

तिला अक्षर येत नाही. स्वयंपाकघरातून ती पहिल्या दिवसापासून ऐकत होती.

दोन पानांत डोळा थकला. हल्ली एका बैठकीत इतकंच जमतं, आणि तेवढ्यासाठीही मी डॉक्टरांची आणि वहिनीची ऋणी आहे. मी पुस्तक मिटू लागले.

आईने पानावर हात ठेवला. "खुनी कोण ते सांग, मग मीट."