सुनंदाबाईंनी तोडलेलं कुलूप

भुसावळच्या आमच्या चर्चमध्ये सुनंदाबाई त्रिभुवन शेवटच्या बाकावर बसायच्या. बाकांवर कुणाचं नाव लिहिलेलं नाही, पण कोण कुठे बसतं हे ठरलेलं. पुढे गोव्याची, मंगळूरची, मद्रासकडची जुनी रेल्वे कुटुंबं; त्यांचे आजोबा इंजिनावर, वडील गार्ड. मागे आम्ही, मराठी ख्रिस्ती. माझे वडील नगर जिल्ह्यातून येऊन रुळांच्या कामावर गँगमन झाले. मी शिकले, शाळेत लागले आणि वर्षावर्षाने सरकत चौथ्या बाकापर्यंत पोचले. पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या कारभाराच्या, समितीवरही आले. सुनंदाबाई सरकल्या नाहीत.

त्यांचे यजमान पाउलस रंगारी होते. चर्चचा आतला निळा रंग त्यांनीच दिलेला. ते तापाने गेले तेव्हा बाई तिशीच्याही नव्हत्या. दोन मुली पदरात. एका रुग्णालयात कंत्राटावर आया म्हणून लागल्या, मुलींची लग्नं केली, एक धुळ्याला दिली, एक मनमाडला. रविवारी मिस्सेची उपासना संपली की वेदीची वस्त्रं धुवायला घरी न्यायच्या. ते काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. आधीची बाई गेल्यावर यांनी उचललं आणि मग सगळ्यांनी ते त्यांचंच धरलं.

राग त्यांच्या नाकावर असायचा असं लोक म्हणायचे. ते खोटं. राग त्यांच्या आत खोल होता आणि कारणाशिवाय वर येत नसे. एकदा पॅरिशच्या सणाचं जेवण होतं. पुढच्या बाकांची पंगत काचेच्या ताटांवर झाली आणि मागच्यांच्या पंगतीला कागदी पत्रावळ्या आल्या. ताटं कमी पडली, एवढंच कारण असेलही. सुनंदाबाईंनी आपल्या दोन्ही मुलींना उठवलं, पत्रावळ्या तिथेच ठेवल्या आणि न जेवता घरी गेल्या. मी जेवले. मला भूक होती, आणि भांडण नको होतं.

ही गोष्ट दोन हजार एकवीसच्या एप्रिलची आहे. ईस्टर झाला आणि दहा दिवसांत सगळं बंद झालं. चर्चही. मिस्सा मोबाइलवर दिसू लागली. सुनंदाबाई ज्या रुग्णालयात आया होत्या ते चर्चच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे. तिथे फक्त कोरोनाचे रुग्ण घेऊ लागले. जळगावात पलंग नाही, अमळनेरात नाही, म्हणून माणसं गाड्या करून इथवर यायची. रुग्ण आत जायचा आणि नातेवाईक बाहेर राहायचे. दुकानं बंद, लॉज बंद, हॉटेलं बंद. ऊन चव्वेचाळीसच्या वर. ही माणसं फूटपाथवर, बंद टपऱ्यांच्या आडोशाला आणि आमच्या पॅरिश हॉलच्या भिंतीला लागून बसायची, कारण दुपारी त्या भिंतीची हातभर सावली पडायची.

हॉल मोठा आहे. दगडी, उंच छताचा, अकरा पंखे, दोन संडास, मागे पाण्याची टाकी. लग्नं तिथेच होतात. त्याला कुलूप होतं.

सुनंदाबाई पहिल्यांदा फादर व्हॅलेरियनकडे गेल्या. फादर वसईचे, चाळिशीच्या आतले, बोलायला गोड. ते म्हणाले की त्यांचं मन तयार आहे, पण समितीला विचारावं लागेल. दोन दिवसांनी बाई पुन्हा गेल्या. समितीची बैठक फोनवर होणार असल्याचं फादरांनी सांगितलं. तिसऱ्यांदा त्या फादरांकडे गेल्या नाहीत, माझ्याकडे आल्या. बैठक चालू होती. मी फोन टेबलावर ठेवून ऐकत होते आणि बाई दारात, बाहेरच्या बाजूला, मास्क लावून उभ्या राहिल्या. मी फोनचा आवाज बारीक करायला हवा होता. केला नाही.

सचिव कुटिन्हो अंकल बोलत होते. निवृत्त गार्ड, सरळ माणूस, आयुष्यभर नियमाने झेंडी दाखवलेला. त्यांनी कारणं सांगितली. संसर्ग पसरेल. परवानगी नाही. उद्या काही झालं तर पोलीस चर्चला धरतील, आणि सध्याचे दिवस असे आहेत की चर्चचं नाव कशातही यायला नको; कुणीतरी म्हणेल, आजाऱ्यांना गोळा करून बाटवतात. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. पण मग ते म्हणाले, "आणि शेवटी, ती आपली माणसं नाहीत."

कुणी हरकत घेतली नाही. फादरांनी नाही. मीही नाही.

सुनंदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मग त्या वळल्या आणि जिना उतरून गेल्या.

हॉलच्या भिंतीला बसणाऱ्यांत अमळनेर तालुक्यातलं एक म्हातारं जोडपं होतं, नवल आबा आणि पुष्पाबाई. त्यांचा मुलगा हिलाल आत ऑक्सिजनवर होता. सुनंदाबाई ड्यूटी संपली की त्याची खबर बाहेर आणायच्या. आज दोन घास खाल्ले, आज डोळे उघडले, एवढंच. त्या बदल्यात पुष्पाबाई त्यांना जबरदस्तीने गाठोड्यातली दादर ज्वारीची भाकर द्यायच्या. एकदा नवल आबांनी हॉलकडे बोट करून विचारलं, "अक्का, त्या घरमा कोणीच नही शे का? बठ्ठा दिन बंदच दिसस."

दिवसभर बंद दिसणाऱ्या त्या घराबद्दल बाईंनी काय उत्तर दिलं ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही.

फोनवरच्या त्या बैठकीनंतर चौथ्या दिवशी दुपारी पुष्पाबाईंना चक्कर आली. अंग तापलेलं, घाम नाही, जीभ जड. नवल आबा रस्ता ओलांडून रुग्णालयाच्या दारापर्यंत धावले. दारावरच्या माणसाने सांगितलं की कोरोना नसेल तर इथे घेत नाहीत, दुसरीकडे न्या. दुसरीकडे न्यायला गाडी नव्हती. आबांनी त्यांना पुन्हा सावलीत आणून निजवलं आणि उपरण्याने वारा घालत बसले. सुनंदाबाई तेव्हा वॉर्डात होत्या. त्यांना कळलं तोवर सगळं संपलं होतं. साठीची बाई, कसलाही आजार नसलेली, अकरा पंख्यांपासून एका भिंतीच्या अंतरावर उन्हाने मेली.

सुनंदाबाईंनी त्यांचे डोळे मिटले, लुगडं नीट केलं. मग परत वॉर्डात गेल्या आणि ऑक्सिजनचं सिलिंडर उघडायचा जाड लोखंडी पाना घेऊन बाहेर आल्या. हॉलच्या कुलपावर त्यांनी घाव घालायला सुरुवात केली. बघणारे म्हणतात, सहा-सात घावांत कुलूप तुटलं, तरी त्या थांबल्या नाहीत. कडी वाकडी होईपर्यंत मारत राहिल्या.

आवाज ऐकून फादर धावत आले. तोवर दार उघडं होतं, पंखे चालू होते, पुष्पाबाईंना आत आणून ठेवलं होतं आणि वीस-पंचवीस माणसं बिचकत उंबऱ्यावर उभी होती. फादरांनी विचारलं, हे काय केलंत? सुनंदाबाईंचा श्वास लागला होता. त्या म्हणाल्या, "पोलिसांना बोलवायचं असेल तर बोलवा, फादर. पण आधी मागे जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह उघडा. नळाला पाणी येत नाही."

फादर व्हॅलेरियन नंतर मला म्हणाले, त्या क्षणी बिशपांचं तोंड आठवलं, कुटिन्हो आठवले, कलेक्टर आठवले. आणि मग समोर ते म्हातारे आबा दिसले, बायकोच्या पायाशी बसलेले. फादर मागे गेले. व्हॉल्व्ह गंजलेला होता, त्यांच्या हाताची सालं निघाली, पण पाणी आलं.

पोलिसांना कुटिन्होंनी खरंच कळवलं. एक हवालदार आला. त्याने नावं लिहून घेतली, लांब लांब बसा असं दरडावलं, पंख्याखाली दहा मिनिटं उभा राहिला आणि गेला. पुन्हा आला नाही.

यानंतर पॅरिशमधली माणसं लगेच धावून आली असं मी लिहिलं असतं, पण तसं झालं नाही. पहिल्या दिवशी डबे फक्त दोन घरांतून आले, दोन्ही मागच्या बाकांवरची. तिसऱ्या दिवशी मी खिचडीचं पातेलं घेऊन गेले. सुनंदाबाई फरशी पुसत होत्या. मी काहीतरी बोलायला लागले, बहुतेक माफीचंच. त्यांनी वर न बघता सांगितलं, "चारुबाई, तिथे ठेवा. झाकण नीट लावा." मी ठेवलं आणि परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं. आठवड्याभरात पुढच्या बाकांवरून पाव यायला लागले, सतरंज्या आल्या, कुणी कूलर आणून दिला. एक तमिळ कुटुंब रोज सकाळी सांबार करून पाठवायचं, आणि रावेर-एरंडोलकडची माणसं ते भाकरीबरोबर खायची. कुणी कुणाला बाटवलं नाही. भिंतीवरच्या क्रुसाकडे पाहून दोघं-तिघं जाता-येता हात जोडायचे, एवढंच.

कुटिन्हो पूर्ण चुकीचे नव्हते, हेही सांगायला हवं. हॉलमधल्या चौघांना लागण झाली आणि त्यातला एकजण गेला. कुटिन्होंनी तो आकडा फादरांना लिहून पाठवला. फादरांनी तो कागद सुनंदाबाईंना दाखवला. त्यांनी वाचून घडी केली आणि म्हणाल्या की त्या चौघांपैकी तिघं भिंतीबाहेर असतानाच खोकत होते, आणि तरीसुद्धा हे पाप सुनंदाबाईंच्या नावावर लिहायचं असेल तर लिहा, देवाला त्या स्वतः उत्तर देतील.

हिलाल वाचला. चौतीस दिवसांनी चालत बाहेर आला. आई गेल्याचं तोवर त्याला सांगितलं नव्हतं. ते सांगणं सुनंदाबाईंनी स्वतःकडे घेतलं. आबांना ते जमत नव्हतं.

आणि मग जूनमध्ये लाट ओसरली, नवीन नेमणुका झाल्या, तेव्हा कंत्राटदाराने सुनंदाबाईंना कामावरून काढलं. कारण लिहिलं होतं, रुग्णालयाची वस्तू परवानगीशिवाय बाहेर नेली. तो पाना. बावीस वर्षं रोज दुसऱ्यांची बेडपॅन धुणाऱ्या बाईला एका पान्यासाठी घरी बसवलं. फादरांनी पत्र दिलं, मी दोन चकरा मारल्या, काही झालं नाही. त्या दिवसांत त्यांना पाहिलं की माझ्या अंगातून संताप उठायचा, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच असायचा.

दोन नोव्हेंबरला आमच्याकडे मृतांचा दिवस असतो. त्या वर्षी फादरांनी ठरवलं की मिस्सेत पॅरिशच्या सेवेबद्दल आभार मानायचे आणि सुनंदाबाईंना शाल द्यायची. बातमीदारही बोलावला होता. नाव पुकारल्यावर बाई पुढे आल्या. शाल घेतली नाही. त्या म्हणाल्या, "आज मेलेल्यांची नावं वाचता ना? त्यात पुष्पाबाईंचं नाव वाचा. या चर्चच्या दारात मेल्या त्या. मग शालीचं बघू."

यादी वाचायचं काम माझ्याकडे होतं. यादीत आमच्या पॅरिशची एकोणीस नावं होती. कुटिन्हो पहिल्या बाकावरून माझ्याकडे बघत होते. नको म्हणून खुणावत होते की काय, मला कळलं नाही, आणि खरं म्हणजे मी थांबून पाहिलंही नाही. मी एकोणीस नावं वाचली आणि विसावं वाचलं: पुष्पाबाई नवल पाटील. चर्चभर लोकांनी प्रत्येक नावानंतर देतात तसं प्रार्थनेचं उत्तर दिलं. कुटिन्होंचे ओठही हलले. ते का हलले हे मी त्यांना विचारलेलं नाही.

सुनंदाबाई शाल न घेताच मागे जाऊन बसल्या. बातमीत फोटो फादरांचा आला.

एकदा मी त्यांना विचारलं, आता तरी राग गेला का? पॅरिश बदललंय, दर उन्हाळ्यात हॉल उघडा असतो, ठराव झालाय. त्या वेदीची वस्त्रं दोरीवर वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "माणूस मेल्यावर उघडलेलं दार आहे ते. मी प्रार्थना करते, पण राग धरूनच करते. देवाने अजून तक्रार केलेली नाही."

गेल्या वर्षी त्यांना समितीवर घेतलं. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं की हॉलमध्ये थांबणाऱ्या बायकांनी अंघोळ कुठे करायची. कुटिन्हो म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. बाई म्हणाल्या की पुढच्या वर्षापर्यंत कुटिन्होंनी स्वतः अंघोळ करू नये आणि मग पाहावं. कुणी हसलं नाही. कुटिन्होंनी चष्मा काढून पुसला, वहीत काहीतरी लिहिलं आणि गवंडी कोण आहे ओळखीचा, असं विचारलं. मे महिन्यात मागच्या भिंतीला लागून न्हाणीघर उभं राहिलं. दाराची कडी आतून नीट बसत नाही. त्यावरून गेल्या रविवारी सुनंदाबाई पुन्हा भांडल्या.