गुरुवारचा कटला

“डबल बेल झाल्याबिगर गाडी हलवायची नाय.”

काका हे धरणाच्या काठावर बसून म्हणायचे आणि म्हणताना माझं मनगट घट्ट दाबून धरायचे. माझ्या काठीच्या टोकाला बांधलेलं घुंगरू नुकतंच वाजलेलं असायचं, गळ ओढायला माझे हात शिवशिवत असायचे आणि हा माणूस मला जागचा हलू द्यायचा नाही. “पहिल्या बेलला मासा नुसती चौकशी करतो, गाडी कुठं चालली म्हणून. दुसऱ्या बेलला चढतो. तू चौकशीलाच ओढतोस, मग तो पळतो.”

काकांनी आयुष्यभर एसटी चालवली होती. कंडक्टरनं एकदा घंटी मारली की थांबायचं, दोनदा मारली की निघायचं, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. निवृत्त झाल्यावर दुसरा कुठला नियम शिकायच्या भानगडीत ते पडले नाहीत. तोच त्यांनी माशांना लावला. मासे तो पाळत होते की नाही, हे मला शेवटपर्यंत नक्की कळलं नाही.

नाशिक रोडला आमच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर राहायचे आणि मी दुसऱ्या मजल्यावर. माझं चष्म्याचं दुकान, त्याला सुट्टी गुरुवारी. त्यामुळे काकांच्या लेखी मी “चष्मेवाल्या” होतो आणि गुरुवार हा मासेमारीचा वार होता. गाडी माझी, काठ्या त्यांच्या, डबा काकूंचा, अशी आमची कंपनी होती.

या नादामागचं कारणही एसटीच. कितीतरी वर्षं त्यांच्याकडे हरसूलची गाडी होती. गिरणाऱ्याच्या अलीकडे एका वळणावर झाडांमधून धरणाचं पाणी दिसतं. लांबच लांब, निळं, सकाळच्या उन्हात डोळे दिपवणारं. काकांना ते रोज दिसायचं आणि रोज तसंच मागे टाकावं लागायचं. मागे बाजाराच्या पाट्या, कोंबड्या, दप्तरं घेऊन माणसं बसलेली. ड्रायव्हरला पाणी बघायला थांबता येतं होय? निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी बांबूची काठी घेतली, त्याच गाडीचं तिकीट काढलं आणि त्या वळणावर उतरायला उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, “काका, इथं स्टॉप नाही.” काका म्हणाले, “म्हणून तर इतकी वर्षं उतरलो नाय.”

माशांचा चारा ते घरी मळायचे. कणीक, भाजलेलं बेसन, शेंगदाण्याची पेंड, थोडा गूळ आणि वरून मूठभर बडीशेप. मळायचे काकूंच्याच परातीत. काकू दारात उभ्या राहून आमच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “माणसांच्या पोळ्या नंतर. आधी माशांची पंगत उठू द्या.” पण गोळा सैल झाला की त्यांना राहवायचं नाही. “सरका,” म्हणून त्याच पुढे बसायच्या आणि दोन मिनिटांत असा गोळा मळून द्यायच्या की पाण्यात तासभर विरघळायचा नाही.

काका दर गुरुवारी निघताना विचारायचे, “येतीस का?”

काकू म्हणायच्या, “माझ्या वाटची हवा खाऊन या.”

ड्रायव्हरच्या बायकोला गाडी लागते, हे तुम्ही कधी ऐकलंय का? काकूंना लागायची. स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीत चढल्या तरी तोंडाला पदर लावायच्या. येवल्याला माहेरी जायचं म्हणजे त्या आदल्या दिवसापासूनच पदराला लिंबू बांधून ठेवायच्या. नवऱ्यानं साऱ्या तालुक्याची माणसं इकडून तिकडे पोचवली, पण बायको त्याच्या गाडीत कधी बसली नाही. दिवाळी असो, गणपती असो, काका ड्यूटीवर आणि काकू घरी. आणि आता निवृत्त झाल्यावर तरी माणूस घरात दिसेल, तर तो काठी घेऊन चालला पाण्याकडे. “आधी गाडी, आता तळं,” एवढंच त्या म्हणायच्या. त्यात चेष्टा होती, पण निव्वळ चेष्टा नव्हती.

आमच्या गाडीच्या डिकीत काका दोन नव्हे, तीन घडीच्या खुर्च्या ठेवायचे. काठावर तिन्ही उघडायचे. तिसरीवर डबा ठेवायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “असू दे. एकदा तिला हे पाणी दाखवायचंय. मला दिसायचं तवा ती नव्हती, आता मी इथं असतो तरी ती नाय. आणि ओढून आणायची नाय तिला. तिचं तिनं यायला पाहिजे.”

आम्हाला मिळायच्या त्या चिलापी. तळहाताएवढ्या, फार तर वीतभर. कधी एखादा रोहू. पण काकांची नजर कटल्यावर होती. कोजागरीला गच्चीवर दूध पिताना त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं की पहिला मोठा कटला लागला की आख्ख्या बिल्डिंगला जेवण. झालं! तेव्हापासून जिन्यात जो भेटेल तो विचारायचा, “काका, ताटं घासून ठेवू का?” काका न चिडता सांगायचे, “ठेवा. पण पालथी ठेवा, धूळ बसंल.”

मार्गशीर्षातले गुरुवार मात्र वेगळे. त्या दिवशी काकूंचा घट असायचा. घरात मासा सोडाच, माशाचं नावही नको. काकांना घरी करमायचं नाही, म्हणून आम्ही जायचो खरे, पण जे लागेल ते परत पाण्यात. “आज आपण नुसते तिकीट चेकर,” काका म्हणायचे. “बघायचं आणि सोडायचं.”

आणि लागायचा तो नेमका अशाच गुरुवारी लागला.

थंडी अशी होती की चहाच्या कपानं बोटं शेकत बसलो होतो. काकांचं घुंगरू एकदा वाजलं. काका दगडासारखे बसून. मग पुन्हा वाजलं, आणि वाजलं म्हणजे काय, काठीच पाण्यात चालली. काकांनी झडप घातली. काठीवरची दोऱ्याची चरखी करकरायला लागली, दोरा सरळ मधल्या पाण्याकडे पळायला लागला.

“काका, ओढा ना!” मी ओरडलो.

“गप. घाट हाय हा. घाटात ब्रेक दाबून धरला तर तुटतो. सोडायचा, धरायचा, सोडायचा, धरायचा.”

किती वेळ गेला ते मी बघितलं नाही. काकांच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता. मासा जवळ यायचा, आम्हाला बघायचा आणि पुन्हा निघून जायचा. शेवटी दमून आडवा झाला तेव्हा मी गुडघाभर पाण्यात शिरलो आणि त्याला मिठी मारून काठाला आणला. एवढा मोठा कटला मी बाजारातसुद्धा पाहिला नव्हता. बचकेत न मावणारं डोकं, नाण्याएवढे खवले. काका पँटसकट पाण्यात बसले आणि नुसते हसत राहिले. मग ओल्या हातानंच त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“अगं, कटला! लागला कटला! पोराएवढा हाय!”

पलीकडून काकूंचा आवाज आला, “आज वार कोणता?”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी माशाकडे बघितलं.

“गुरुवार.”

“महिना?”

“मार्गशीर्ष,” काका शाळेतल्या पोरासारखे म्हणाले.

“मग? घट मांडलाय मी. संध्याकाळी सवाष्णी यायच्यात कुंकवाला. त्याचा वाससुद्धा फाटकाच्या आत यायला नको.”

काकांचा चेहरा पडला. त्यांनी माशाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “बरं. सोडतो मग.”

मी काहीतरी बोलणार होतो, पण फोन चालू होता आणि काकू अजून पलीकडे होत्या. त्यांनी नवऱ्याचा तो आवाज ऐकला असणार. इतक्या वर्षांच्या संसारात तो त्यांना कळणार नाही तर कुणाला?

“सोडू नका,” काकू म्हणाल्या. “उद्या शुक्रवार हाय. ऱ्हाऊ द्या त्याला तिथंच. मी येते.”

“कुठं?”

“तुमच्या तळ्यावर, आणखी कुठं? तो इकडं यायचा नाय, मग मलाच तिकडं यावं लागंल ना!”

काका फोन हातात धरून बसले. कटला त्यांच्या पायाशी शेपटी आपटत होता, त्याच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

काठावरच्या वस्तीतला एक होडीवाला आमच्या ओळखीचा होता. जिवंत मासे ठेवायला त्याची जाळ्याची पिंजरेवजा टोपली पाण्यात बांधलेली असायची. तो मासा बघून म्हणाला, “लय मोठा हाय, काका. ठिवतो. पण जाळं फाडून गेला तं माझ्या नावानं बोंब मारू नका.” परत येताना गाडीत काका एवढंच म्हणाले, “मासा गेला तरी चालंल रे. ती येणार म्हणाली का नाय? तू ऐकलंस ना?”

मी ऐकलं होतं. त्यांनी तीनदा वदवून घेतलं.

शुक्रवारी सकाळी आमच्या बिल्डिंगपुढे लग्नाचं वऱ्हाड निघावं तशी गडबड. पातेली, परात, विळी, भाकरीचं पीठ, सतरंज्या सगळं कुणाच्या तरी भाजीच्या टेम्पोत चढलं आणि मागोमाग माणसंही चढली. महिनाभर मांसमच्छी न खाणारी दोन घरंसुद्धा पिठल्याची तयारी करून निघाली. काकूंनी नाकाशी लिंबू धरलं आणि माझ्या गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. मी चावी लावणार, तेवढ्यात काका म्हणाले, “चष्मेवाल्या, मागं बस.”

आणि ते स्वतः चालवायला बसले. काकू शेजारी.

काकांना गाडी चालवताना मी तोवर बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी ती अशी चालवली की भरल्या कळशीतलं पाणी हिंदकळलं नसतं. सायकलवाले आम्हाला ओलांडून गेले. एक बैलगाडी बराच वेळ आमच्या बरोबरीनं होती. टेम्पोतून आरडाओरडा चालला होता, मागचे हॉर्न मारत होते, काका ढिम्म. गिरणाऱ्याच्या अलीकडे त्या वळणावर त्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. काकूंनी नाकावरचं लिंबू खाली घेतलं.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “एवढं मोठं? तुम्ही तर तळं म्हणायचे.”

“तळं तू म्हणायचीस.”

काकूंनी खिडकीची काच पूर्ण खाली केली. मग म्हणाल्या, “आणि रोज इथनं जायचे तुम्ही?”

“रोज. दोनदा.”

कटला जागेवर होता. होडीवाल्यानं टोपली वर काढली तेव्हा बिल्डिंगनं अशा टाळ्या वाजवल्या की झाडावरचे बगळे उडाले. काकूंनी पदर खोचला, विळीवर बसल्या आणि कुणालाही हात लावू दिला नाही. तीन दगडांची चूल, घरून वाटून आणलेला काळा मसाला, वर तरंगणारी लाल तर्री. तुम्ही कधी धरणाच्या काठावर, गार वाऱ्यात, गरम भाकरी असल्या रश्श्यात कुस्करून खाल्ली असेल तर पुढचं मला सांगायला नको, आणि खाल्ली नसेल तर सांगून उपयोग नाही. काका वाढत होते. “सगळे बसले का? कोण राहिलं का?” करत सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. ते जेवायला बसले तेव्हा पातेल्यात नुसता रस्सा होता. काका त्यातच भाकरी मोडायला लागले. काकूंनी मागे झाकून ठेवलेली ताटली पुढे सरकवली. त्यात कटल्याचं डोकं होतं.

“डायव्हरचं,” काकू म्हणाल्या.

काका मान खाली घालून जेवले. मी त्यांच्या समोरच होतो, तिखट लागल्यासारखे ते डोळे पुसत होते.

जेवणं झाल्यावर काकांनी तिसरी खुर्ची उघडली. तिच्यावर डबा ठेवला नाही. काकूंच्या हातात काठी दिली आणि शेजारी बसून समजावायला लागले, “हे बघ, एकदा वाजलं की हलायचं नाय. डबल बेल झाली की...” घुंगरू एकदा वाजलं आणि काकूंनी फाटकन काठी वर ओढली. “अगं, थांब! डबल बेल...” काका ओरडेपर्यंत एक चिलापी हवेतून येऊन त्यांच्या मांडीवर पडली.

“बेल तुमच्या गाडीत,” काकू म्हणाल्या. “मला काय कंडक्टर केलं का?”

काका खोकला लागेपर्यंत हसले. संध्याकाळी टेम्पो निघाला तरी काकू उठायला तयार नव्हत्या.

त्यानंतर आमच्या कंपनीत त्या कायमच्या आल्या. लिंबू हळूहळू विसरलं गेलं. काठावर दोघांची सारखी कुरबुर चालायची, चारा कुणी सैल मळला, मासा कुणामुळे पळाला. आणि मी मधे बसून चहा प्यायचो. मला वाटतं, राहून गेलेलं सगळं बोलणं ते तिथं बसून पुरं करत होते. मी इतकी सुखी माणसं फार पाहिली नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. सकाळी चहाला उठलेच नाहीत. नंतर किती तरी गुरुवार मी घरीच बसून काढले. काकूंना विचारायचा धीर झाला नाही. मग एका गुरुवारी खाली आलो, तर काकू फाटकाशी उभ्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेला चाऱ्याचा गोळा. बडीशेपेचा वास येत होता. “गाडी काढ,” म्हणाल्या. “आणि सावकाश चालव रे बाबा.”

आता आम्ही दोघंच जातो. परवा दुपारी अगदी जवळ, काठापासून चार हातांवर, एक मोठा मासा पाण्याबाहेर उसळला. उन्हात लख्ख चमकला आणि धपकन पडला. आम्हा दोघांवर पाणी उडालं. काकू खुर्चीत ताठ झाल्या, तोंडभर हसल्या आणि पाण्यावरची नजर न काढता म्हणाल्या, “अहो, बघितलंत का?”

मला त्या कधी अहो म्हणत नाहीत.

पाण्यावरची वर्तुळं काठाला येऊन लागली. मग मी म्हणालो, “बघितलं.”