चांदूर रेल्वेच्या काकांची अट

मंडळी, आज राजीनामा द्यायचाच असं ठरवून निघाले होते. अकोल्यात मेडिकलच्या मुलांना शरीररचना शिकवते, घर अमरावतीला राजापेठेत. रोजच्या येण्याजाण्यानं जीव विटलाय.

विभागाच्या दाराशी चांदूर रेल्वे गावचे काका संत्र्यांची पिशवी घेऊन बसलेले. मेल्यावर देह आमच्या विभागाला द्यायचं त्यांनी ठरवलंय. आमची मुलं टेबलावरच्या देहाला आधी हात जोडतात, मगच काम सुरू करतात, हे त्यांनी मागे दारातून पाहिलं होतं.

"मॅडम, माह्यावर पोट्टे हसले नाई पायजेत. तुमी असान ना तवा?"

"मी नसले तर दुसरं कोणी असेल, काका."

"दुसऱ्याले काहून देऊ? तुमी आहा म्हणून तं देऊन राहिलो."

"असेन," मी म्हणाले. राजीनामा पर्समध्येच राहिला.

काका ठणठणीत आहेत, अजून सायकल चालवतात. म्हणजे आता ते गेल्याशिवाय माझी सुटका नाही.

दर वेळी निरोप देताना त्यांना "तब्येतीला जपा" म्हणते. आज ते तोंडातून निघालंच नाही. खरं सांगा, तुमच्या तोंडून निघालं असतं?