आठ तिला, ‘बरं’ मला

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शिवणकामवाल्या बाईने मशीन थांबवलं, झोपलेल्या नवऱ्याच्या उशाचा मोबाईल उचलला आणि त्याच्या दुखण्याचा आकडा स्वतःच दाबला. दोन.

नवरा घरं रंगवायचा. परांचीवरून पडल्यापासून पाय हलत नाहीत, पाठ मात्र ठणकते. दवाखान्याने मोबाईलवर सोय करून दिली आहे. रोज शून्य ते दहामधला आकडा दाबायचा. सातच्या वर गेला की नर्सचा व्हिडिओ कॉल येतो. आकडे पाहूनच डॉक्टर गोळी ठरवतात.

बायकोने विचारलं की तो म्हणायचा, “बरं आहे.” मोबाईलला मात्र आठ. वर नर्सचा फोन येणार म्हणून कंगवा मागायचा.

“माझ्याशी लग्न केलंत तेव्हा तरी केस विंचरले होते का?”

“तेव्हा दाट होते. कंगवा चालायचा नाही.”

शेजारीण आगीत तेल ओतायची. “तुझी सवत भारी गुणी गं. चहासुद्धा मागत नाही.”

बाईच्या पोटात दुखायचं ते इथे. म्हणून ती रोज त्याचा डोळा लागलेला असतानाच आकडा भरू लागली. त्याने विचारलं तर म्हणायची, “नेहमीचाच भरलाय.” नर्सचे फोन यायचे बंद झाले. दुखणं उतरलं असं समजून डॉक्टरांनी गोळी अर्धी केली.

दोन दिवसांनी ती त्याची कूस बदलत होती, तेव्हा त्याने उशीचा कोपरा दातांत धरला. नंतर म्हणाला, “बरं आहे.”

तिने नर्सला फोन लावून केलेलं सगळं सांगितलं. नर्स रागावली नाही. ते बाईला जास्त झोंबलं. दुपारपासून गोळी पूर्ववत झाली.

मग ती नवऱ्यासमोर उभी राहिली. “मीच दोन भरत होते. तिला आठ सांगता, मला बरं. मी कोण, परकी?”

तो म्हणाला, “तुला सांगितलं की तू काम टाकून रडत बसतेस. ती गोळी बदलते.”

“नाही रडणार.”

“आत्ता काय चाललंय?”

“हे तिच्यावरच्या रागाचं आहे.”

हल्ली तो आकडा आधी बायकोला सांगतो, मग दाबतो. नर्सचा फोन आला की शिवणयंत्र अजूनही गरजेपेक्षा जोरात चालतं.

उद्या साडेदहाला नर्स त्याची पाठ तपासायला पहिल्यांदाच घरी येणार आहे.