घंटेचा दोर

देहूरोडच्या आमच्या चर्चच्या दारात घंटेचा जाड दोर लोंबतो. गोऱ्या पलटणीसाठी बांधलेलं हे दगडी चर्च. बाकांना बंदुका अडकवायच्या खाचा अजून आहेत. माझा बाप्तिस्मा इथलाच, लग्नही इथलंच. पण दोराला हात लावायचा नाही, असं लहानपणी वडिलांनी बजावलं ते बजावलंच.

परवाच्या रविवारी उपासनेआधी एक नऊवारीतली म्हातारी नारळ घेऊन आली, जवळच्याच गावची असावी. नातू चाकणच्या कंपनीत पर्मनंट झाला म्हणून नवस फेडायला आलेय, असं भेटेल त्याला सांगत होती. तिनं पायरीखाली चपला काढल्या, उंबऱ्याला शिवून हात कपाळाला लावला आणि देवळात शिरताना वाजवावी तशी घंटा वाजवायला, विहिरीतून पोहरा ओढतात तसा तो दोर खसकन ओढला. घंटा सगळ्या छावणीला ऐकू जाईल अशी वाजली.

मी धावले. "मावशी, ती अशी वाजवायची नसते."

"मंग देवाला कळायचं कसं, आपुन आलोय त्ये?"

एवढं बोलून ती आत गेली आणि बंदुकीच्या खाचेत छत्री अडकवून पहिल्या बाकावर बसली.

आता पाळकसाहेब तिला चांगलं सुनावतील, म्हणून मी थांबले. ते आले, तिला हात जोडून हसले आणि तिचा नारळ स्वतः वेदीपाशी ठेवून आले.

उपासनेत माझं लक्ष लागलं नाही. नुसता जळफळाट होत होता. जन्मापासून मी इथं येतेय, आणि आल्याचं कधी कळवलंच नाही.