समुद्रातली मोटर काढणारा कडुबा

कडुबा हा लासूर स्टेशनजवळच्या आमच्या खेड्यातला. वाळूजच्या एका कारखान्यात तो पाळीवर जातो आणि तिथल्या हजेरीपटावर त्याची नोंद साधा फिटर अशी आहे. सुटीच्या दिवशी मात्र त्याला मोटर काढणारा कडुबा म्हणून लोक शोधत येतात. बोअरमध्ये तुटून पडलेली मोटर बाहेर काढणे ही त्याची विद्या.

ही विद्या दुष्काळाने वाढवली. पूर्वी आमच्याकडे दोनशे फुटांवर पाणी लागे. २०१२ नंतर बोअर आठशे फुटांपर्यंत गेले, आणि इतक्या खोलवर दोर कुजून किंवा पाईप तुटून मोटरी पडू लागल्या. जवळचे शहर चहूबाजूंनी पसरत होते, नव्या इमारतींना नळाचे पाणी पोचलेले नव्हते, त्यामुळे तिथूनही बोलावणी येऊ लागली. कडुबा बोअरवर तीन पायांची लोखंडी घोडी उभी करतो, तारेला आकडा बांधून कप्पीवरून खाली सोडतो, आणि कुदळीच्या दांड्याचे एक टोक कप्पीच्या चौकटीला टेकवून दुसरे कानाला लावतो. आकडा दगडाला घासतो आहे, पाईपला की मोटरीला, हे त्याला त्या दांड्यातून ऐकू येते.

त्यासाठी भोवताली पूर्ण शांतता लागते. तो शेजारची पिठाची गिरणी बंद करायला लावतो, दूरदर्शन संच बंद करवतो. एकदा तर त्याने वरातीचा बँड पाव तास थांबवला होता. नवरदेव घोड्यावर बसून राहिला, आणि मोटर निघाल्यावर वऱ्हाडानेच टाळ्या वाजवल्या.

२०१६ च्या मे महिन्यात त्याच शहराच्या सातारा परिसर या भागातल्या एका इमारतीची मोटर सहाशे ऐंशी फुटांवर पडली. तिथे दत्तोपंत राहतात. आयुष्य सरकारी कचेरीत गेलेले, बोलणे मोजके. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई स्वयंपाकघरात मिक्सर लावणार, तोच कडुबा खिडकीखालून ओरडला, “काकू, चटणी उद्या करा! आज मोटर ऐकायचीय!”

“अरे, मोटर काय बोलते का?” प्रमोदिनीबाईंनी विचारले.

“बोलती तर! पण तुमच्या मिक्सरम्होरं तिचं कोण ऐकतंय?”

नऊ तासांनी मोटर निघाली. ते सगळे नऊ तास दत्तोपंतांची मुलगी मृण्मयी गच्चीच्या सावलीत खुर्ची टाकून पाहत होती. ती समुद्रतळाचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ. रजेवर आली होती. तिने त्या दिवशी कडुबाचा क्रमांक लिहून घेतला.

अडीच वर्षांनी, २०१८ च्या डिसेंबरात, पावसाने पुन्हा दगा दिलेला असताना तिचा फोन आला. अंदमानच्या समुद्रात तळाच्या खडकाला एक लांबलचक चीर आहे आणि त्या चिरेवर भूकंप होतात. तिचा नकाशा करण्यासाठी मृण्मयीच्या चमूने वर्षभरापूर्वी दहा यंत्रे समुद्रतळावर सोडली होती. खालची बारीकशी थरथरही ती टिपून ठेवतात. आता ती परत घ्यायला जहाज निघणार होते. “कडुबाभाऊ, एखादे यंत्र तळाला अडकलेच, तर काढायला तुम्ही याल का?” तिने विचारले.

“किती फुटांवर पडल्यात?”

“सात हजार फूट असतील.”

“पाईप कितीचा हाय?”

“पाईप नाही. उघडा समुद्र आहे.”

“मग तर सोपंच. आकडा पाईपात अडकायचं भ्या नाय.”

संस्थेच्या अर्जात ‘पद’ असा एक रकाना होता. मृण्मयीने तिथे दोरखंडतज्ज्ञ असे लिहिले. कारखान्याने वीस दिवसांची बिनपगारी रजा दिली. कडुबाची पत्नी मालनबाई टँकरच्या रांगेतून दोन हंडे घेऊन येत होती, तेव्हा तिला ही बातमी कळली. “इथं प्यायला पाणी नाय,” ती हंडे न उतरवताच म्हणाली, “आन् तुम्ही पाण्यात मोटर हुडकायला निघालात! येताना ह्यो एक हंडा तरी भरून आणा.”

“खारं असतं ते.”

“मग कशाला जाता?” कडुबा कुदळीचा दांडा पिशवीत घालून निघाला.

पहिले दोन दिवस त्याला बोट लागली. तिसऱ्या दिवशी तो उठून ताक मागू लागला, तेव्हा खलाशांनी ओळखले की हा आता टिकणार. त्यापुढचे काम सुरळीत चालले. प्रत्येक यंत्राला वजनदार लोखंडी बैठक होती आणि वर हवा भरलेले काचेचे गोळे होते. जहाजावरून आवाजाचा संकेत दिला की यंत्र बैठकीपासून सुटे, आणि गोळ्यांच्या जोरावर आपोआप वर येई. नऊ यंत्रे अशी मुकाट्याने वर आली. त्या काळात कडुबाने तारा पुसल्या, आकड्यांना ग्रीस लावले आणि आपली गरजच नाही म्हणून तो थोडा हिरमुसला.

दहावे यंत्र संकेताला उत्तर देत होते, पण वर येत नव्हते. त्याची बैठक सुटत नव्हती. हे यंत्र नेमके चीर जिथे वळते तिथे ठेवलेले होते. ते मिळाले नाही तर नकाशा ऐन वळणावर कोरा राहणार होता, आणि मृण्मयीची पाच वर्षांची मेहनत अर्धवट ठरणार होती. जहाजाला तिथे थांबायला दीड दिवस होता.

यंत्राभोवती तळावर आकड्यांची तार पसरायची आणि ती ओढून यंत्राला हिसका द्यायचा, असे ठरले. हिसक्याने बैठक सुटेल, असे मृण्मयीने सकाळच्या सभेत इंग्रजीतून समजावले. कडुबा त्या वेळी बाहेर आकडे बांधत होता. आकड्याने धरायचे आणि वर ओढायचे, एवढेच त्याच्या मनात होते.

तार तळाला टेकली. कडुबाने हात तारेपासून दूर ठेवून दांडा तारेच्या चाकाच्या चौकटीला लावला, कान टेकवला आणि नकारार्थी मान हलवली. मग तो कॅप्टनकडे गेला. कॅप्टन मूळचे मालवणचे होते.

“साहेब, जरा मशीन बंद करा.”

“कुठले मशीन?”

“समदी.”

“अहो, ही गिरणी नाही! इंजिन बंद केले तर जहाज वाहत जाईल.”

“धा मिनिटांत असं कुठवर जाईल? लासूरला तर नाय ना जायाचं?”

कॅप्टनना हसू आवरले नाही. मृण्मयीने प्रवाहाचा तक्ता पुढे केला. तार ज्या दिशेला ओढायची होती, प्रवाहही त्याच दिशेचा होता. मोकळे सोडलेले जहाज आपोआप तार ओढणार होते. समुद्र शांत होता, जवळपास दुसरे जहाज नव्हते. कॅप्टननी दहा मिनिटे दिली. विजेपुरते एक जनित्र तेवढे चालू ठेवले.

जहाज गप्प झाले. कडुबाने कान लावला आणि एकाएकी ओरडला, “कुकर कोणी लावलाय?” आचारी धावत गेला आणि डाळीचा कुकर उतरवून आला.

त्या दिवशी चार वेळा दहा-दहा मिनिटे मिळाली. कडुबाला चिखल ऐकू आला, दगड ऐकू आला, यंत्र नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी फेरी घातली. ही शेवटची होती. कॅप्टननी इंजिन न सांगताच बंद केले. आचारी स्वतः दाराशी उभा राहून कोणाला बोलू देईना.

“लोखंड,” कडुबा पुटपुटला. “घासतंय... हळू... अडकलं! आता ओढा!”

तार ताणली. चाक करकरले. कडुबाच्या कानात ठण्णकन आवाज झाला, आणि तार एकदम हलकी पडली.

त्याने दांडा खाली ठेवला. वीस वर्षांत त्याने हा हलकेपणा अनेकदा अनुभवला होता. आकड्यातून सुटलेली मोटर आणखी खाली जाते, गाळात रुतते आणि पुन्हा हाती लागत नाही. “गेली, मॅडम,” तो मान न उचलता म्हणाला. “माझ्या हातून सुटली. माफ करा.”

मृण्मयीने घड्याळ पाहिले. “कडुबाभाऊ, चाळीस मिनिटे थांबू या.”

“थांबून काय हुतंय? सुटलेली वस्तू कुठं वर येती का?”

“इथे येते.”

मृण्मयी आपली समजूत काढते आहे, असे त्याला वाटले. तो तार गुंडाळायला लागला, चहा दिला तो त्याने बाजूला ठेवला. सगळे कठड्याशी जाऊन उभे राहिले. तो एकटा पाठ करून बसला. अडतिसाव्या मिनिटाला आचारी सर्वांत आधी ओरडला. लाटांवर यंत्राचा नारिंगी झेंडा हलत होता.

कडुबा उठून कठड्याशी आला. “आयला,” तो म्हणाला, “ह्या मोटरीला अक्कल हाय!”

यंत्र जहाजावर आले. आतली वर्षभराची नोंद एकाही दिवसाच्या खंडाविना होती. कॅप्टननी कडुबाची पाठ थोपटली, तर तो ऐकेना. “मी कुठं काढली? तिची तीच आली. मी निस्तं ढकललं.” आचाऱ्याने कुकर पुन्हा चढवला आणि त्या दिवशी डाळीवर दुप्पट तूप पडले.

दोन दिवसांनी मृण्मयीने त्याला पडद्यावर कच्चा नकाशा दाखवला. चिरेची रेघ वळणावरून न तुटता पुढे गेली होती. कडुबाने त्या रेघेवरून बोट फिरवले.

“ही चीर खाली किती खोल गेलीय?”

“वीस किलोमीटर तरी असेल.”

त्याने मनाशी फुटांचा हिशेब केला. “आन् तितक्या खोल आपल्याकडं बोअर घेतला, तर पाणी लागंल?”

“नाही लागणार, कडुबाभाऊ.”

“तरी गिऱ्हाईक म्हणंल,” कडुबा हसत उठला, “अजून एक पाईप टाकून बघा.”