धडधडीची गोळी

मला लहानपणापासून प्रश्न विचारायची खोड आहे. त्यामुळे माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ आहे असं सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा घाबरायच्या आधी मी विचारलं, "ती तिथं बसून करते काय?"

"भीती तयार करते," डॉक्टर म्हणाले.

घाबरल्यावर शरीर जे रसायन रक्तात सोडतं, तेच ही गाठ वाटेल तेव्हा सोडत होती. मग दरदरून घाम, चेहरा पांढराफटक, छातीत धडधड. अण्णा फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्याकडच्या आमच्या गावी ऊस करतात. बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी त्यांना हे व्हायचं. पण कारण नसताना थरथरणं त्यांना भित्रेपणाचं वाटे, म्हणून घरात अवाक्षर काढलं नाही. सांगितलं ते फक्त पलटणीतल्या दोस्ताला. त्याला धडधडीवर गोळी चालू होती. डब्यातली अर्धी भाकरी काढून द्यावी तसं त्यानं आपलं अर्धं पाकीट देऊन टाकलं. फौजेत त्यांनी सगळं असंच वाटून खाल्लेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि रक्तदाब असा चढला, की अण्णांना माझ्याकडे सांगलीत विश्रामबागला आणावं लागलं.

एकाला लागू पडलेली गोळी दुसऱ्यावर उलटते कशी, हे मला काही सुटेना. डॉक्टरांनी कागदावर नळ्या काढून दाखवल्या. गाठीच्या रसायनानं रक्तवाहिन्या आवळतात, आणि त्यांना थोडंफार सैल ठेवणारी वाटही ती गोळी बंद करते. म्हणून आधी वाहिन्या सैल करणारं औषध, सैल झालेल्या वाहिन्या भरायला सोबत मीठ आणि पाणी भरपूर, आणि धडधडीची गोळी त्यानंतर. मिठाचं नाव ऐकून आईचा चेहरा पडला. अण्णांना रक्तदाब म्हणून ती वर्षभर अळणी रांधत होती. मला मात्र त्या उलट्या हिशेबाची मजा वाटली, खोटं कशाला सांगू?

काही आठवड्यांनी ऑपरेशनची सकाळ आली. नुसता हात लागला तरी गाठ उसळू शकते, हे आम्हाला सांगितलेलं होतं. अण्णा परत येतील ना, एवढा एकच प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता. स्ट्रेचरवर त्यांचं मनगट धरलं. नाडी संथ लागत होती.

"लय भ्या वाटतंय गं," ते म्हणाले.

हे शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकले नव्हते. नाडी तर शांत आहे, असं मी म्हटलं.

"ते गोळ्यांमुळं. घाम न्हाई, धडधड न्हाई, तरी भ्या हाय. म्हंजे हे माझंच हाय, गाठीचं न्हवं."

असं म्हणताना ते चक्क हसले. स्ट्रेचर आत गेलं आणि माझ्या बोटांत धडधड राहिली. ती माझी होती. संध्याकाळी अण्णांनी पाणी मागितलं, तेव्हा कुठे ती थांबली.